बर्लिनमधील इरावतीबाई

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आईच्या फडताळाच्या वरच्या कप्प्यात तीन पुस्तके कायमची असत. 'परिपूर्ती', 'भोवरा' आणि 'युगान्त'. पाहुण्यांना वाचायला द्यायची पुस्तके वेगळी होती, ही तीन मात्र घराबाहेर जात नसत. इरावती कर्वे हे नाव त्यामुळे मला अक्षरओळख झाल्यापासून ठाऊक. पुण्याच्या, महर्षी अण्णासाहेब कर्व्यांच्या सूनबाई, डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या, स्कूटरवरून हिंडणाऱ्या, कुंती आणि द्रौपदी यांच्याविषयी कुणी लिहिले नव्हते असे लिहिणाऱ्या. त्या जर्मनीत शिकून आल्या हेही आई सांगे. पण आपल्याकडे विलायतेला जाऊन आलेली माणसे पुष्कळ, तेव्हा त्याचे मला विशेष काही वाटले नाही.

1982 साली मी स्वतः जर्मन शिकण्यासाठी पश्चिम बर्लिनला गेलो. आमचे आजोबा हुजूर कचेरीत कारकून होते आणि वडील शाळामास्तर. बडोद्याच्या विद्यापीठात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी थोडे जर्मन शिकलो होतो आणि पुढे शिकण्याची जिद्द धरून बसलो होतो. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीवर कर्ज काढले तेव्हा तिकिटाचे जमले. बर्लिनच्या दाहलेम भागात टीलप्लात्स नावाचे भुयारी रेल्वेचे स्टेशन आहे. तिथे उतरून मी रोज वर्गाला जात असे. वाटेत ईनेश्ट्रासे नावाचा झाडांचा शांत रस्ता लागे. त्यावरच्या 22 क्रमांकाच्या इमारतीत तेव्हा राज्यशास्त्राचे वर्ग भरत. तिच्यापुढून मी दोन हिवाळे गेलो असेन. ही इमारत म्हणजे पूर्वीची मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था, आणि इथेच इरावतीबाई शिकल्या, हे मला कळले ते बडोद्यास परतून कैक वर्षे झाल्यावर. तेव्हापासून ते दोन हिवाळे मी मनाशी निराळ्या प्रकारे आठवू लागलो आहे. म्हणून हा लेख.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीस होते. त्या देशाच्या मोठ्या नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत, वसतिगृहात पाठवले. तिथे रँग्लर परांजप्यांची कन्या शकुंतला हिच्याशी तिची मैत्री झाली आणि परांजपे कुटुंबाने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. रँग्लर परांजपे म्हणजे केंब्रिजला गणितात पहिले आलेले, फर्ग्युसनचे प्राचार्य, आणि देवधर्म न मानणारे. त्या घरात पुस्तके आणि वाद या दोहोंचा सुकाळ होता. 1926 साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या, दक्षिणा फेलोशिप मिळाली, मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकल्या, आणि 1928 साली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून एम. ए. झाल्या. त्याआधीच अण्णासाहेबांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवीत. ते स्वतः जर्मनीत डॉक्टरेट घेऊन आलेले. बायकोने तिथेच जाऊन पुढे शिकावे असे त्यांनी मनावर घेतले.

इथे एक गोष्ट गंमतीची आणि थोडी दुःखाचीही आहे. ज्या अण्णासाहेबांनी हिंगण्याच्या माळावर विधवांना शिकवले आणि स्त्रियांचे विद्यापीठ उभे केले, त्यांना आपल्या सुनेने एकटीने परदेशी जावे हे पसंत नव्हते. मोठ्या माणसांचा मोठेपणा घराच्या उंबरठ्याशी कधी कधी अडखळतो, आणि त्यासाठी त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार मला तरी नाही. दिनकरराव बधले नाहीत. प्रश्न पैशांचा होता. तो सोडवला डॉ. जीवराज मेहता यांनी. त्यांनी कर्ज दिले. डॉक्टरसाहेबांचे नाव बडोदेकरांना मुद्दाम सांगायला नको. 1948 साली बडोदे संस्थानात लोकांचे मंत्रिमंडळ आले त्याचे ते प्रमुख, आणि 1960 साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री. त्यांच्या पत्नी हंसाबेन म्हणजे आमचे दिवाण सर मनुभाई मेहता यांच्या कन्या, आणि 1949 पासून सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. मी ज्या विद्यापीठाच्या वर्गात जर्मनची मुळाक्षरे गिरवली ते हंसाबेनच्या देखरेखीखाली वाढलेले. आमच्या वडिलांचे कर्ज आणि इरावतीबाईंचे कर्ज यांची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण कर्ज काढून गेलेल्या विद्यार्थ्याला रिकाम्या हाताने परतता येत नाही, एवढे मला अनुभवाने ठाऊक आहे.

1928 च्या नोव्हेंबरात इरावतीबाईंचे नाव त्या संस्थेत दाखल झाले. वय बावीस. बर्लिनला जाणाऱ्याने नोव्हेंबरात जाऊ नये. चार वाजता दिवे लागतात आणि सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. त्यात 1929 च्या फेब्रुवारीत युरोपात अशी थंडी पडली की शतकातल्या कडक हिवाळ्यांत तिची गणना होते. त्या काळच्या बर्लिनमध्ये घरे तापवायची ती रंगीत फरशांनी मढवलेल्या उंच शेगड्यांनी. तळघरातून कोळशाच्या विटा बादलीत भरून वर आणायच्या, सकाळी राख काढायची, पेटवायचे, आणि खोली ऊबदार व्हायला दीड-दोन तास वाट पाहायची. मी हे ऐकीव सांगत नाही. चौपन्न वर्षांनंतर माझ्या वाट्याला आलेल्या खोलीतही तशीच शेगडी होती. संडास जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, तीन बिऱ्हाडांत एक. पहिल्या आठवड्यात मी शेगडीची खालची झडप वेळेआधी बंद केली आणि खोलीभर धूर झाला. घरमालकीणबाई वर आल्या, खिडक्या उघडल्या, एक शब्द न बोलता झडप कशी आणि केव्हा लावायची ते दाखवले, आणि गेल्या. तो माझा जर्मनीतला पहिला खरा पाठ, आणि त्यात एकही शब्द नव्हता.

शब्दांचे पाठ मात्र मराठी माणसाला वाटतात तितके परके नाहीत. इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे जाणारा विद्यार्थी लिंगभेदाने घाबरतो. आपण कशाला घाबरावे? आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. जर्मनांचे देर, दी, दास तेच. फक्त वाटणी निराळी. जेवणाच्या टेबलावर चमचा पुरुष, काटा स्त्री आणि सुरी नपुंसक. सूर्य त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी. मुलगी नपुंसकलिंगी, याचे इंग्रज लोक फार हसे करतात. पण आपणही पोर म्हणतो तेव्हा ते पोर असेच म्हणतो की नाही? आकड्यांचेही तसेच. इंग्रजी वीस आणि आठ म्हणते. जर्मन आठ आणि वीस म्हणते, आणि आपले अठ्ठावीसही तेच सांगते. वर्गातले इंग्रज आणि अमेरिकन विद्यार्थी आकडे उतरून घेताना हमखास उलटे लिहीत. मी लिहीत नसे. परीक्षेत इतर कशात नाही तरी यात मला पुरे गुण होते.

कवट्यांची मापे घेणाऱ्या विद्यार्थिनीला ही सोय किती उपयोगाची पडली असेल, याचा विचार मी पुढे पुष्कळदा केला. मापे घ्यायची मिलिमीटरमध्ये. दिवसभर आकडेच आकडे. आणि हाडांची नावे? इंग्रजी वैद्यकात ती सगळी लॅटिन. जर्मनांनी त्यांना घरगुती नावे ठेवली आहेत. श्टिर्नबाइन म्हणजे कपाळाचे हाड, श्लेफेनबाइन म्हणजे कानशिलाचे हाड, ऊंटरकीफर म्हणजे खालचा जबडा. बाइन या शब्दाचा रोजचा अर्थ पाय असा आहे, त्यामुळे नवख्याला प्रथम कपाळाला पाय फुटल्यासारखे वाटते. पण एकदा समजले की विसरत नाही. ज्याने लहानपणी समासविग्रह घोकले त्याला लांबलचक जोडशब्द फोडणे हा खेळच. इरावतीबाई तर बर्लिनमध्ये तत्त्वज्ञान आणि प्राणिशास्त्राबरोबर संस्कृतही शिकत होत्या. त्या विद्यापीठात तेव्हा हाइनरिश ल्यूडर्स संस्कृतचे अध्यापक होते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती कशी असावी याचा नमुना त्यांनी 1908 सालीच छापला होता. पुढे ते काम पुण्यास भांडारकर संस्थेने केले, आणि त्या आवृत्तीच्या आधारावर इरावतीबाईंनी 'युगान्त' लिहिले.

लिपीची अडचण वेगळी. तेव्हाची जर्मन पुस्तके आणि वर्तमानपत्रे बरीचशी त्या काट्याकुट्यांच्या जुन्या छापाची असत. शास्त्रीय पुस्तके बहुधा साध्या रोमन छापात निघत, पण घरमालकिणीची चिठ्ठी, दुकानाचे बिल, दारावरची सूचना हे सगळे जुन्या वळणाच्या हाताचे. बडोद्यातल्या ज्या घरांत आजोबांची मोडी दप्तरे अजून ट्रंकेत आहेत त्यांना हे चटकन कळेल. बाळबोध वाचता येते म्हणून मोडी वाचता येत नाही, तसेच ते.

संबोधनाविषयीही थोडे सांगतो. जर्मनमध्ये परक्याला झी आणि जवळच्याला दू म्हणतात. आपल्या तुम्ही आणि तू सारखेच. आमच्या आपणला मात्र तिकडे जागा नाही, आणि कचेरीच्या परंपरेतल्या बडोदेकराला ती उणीव प्रथम फार जाणवते. नात्यांच्या शब्दांत तर जर्मन अगदीच दरिद्री. काका, मामा, आतोबा, मावसोबा सगळे ओंकेल; आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या तांटे. माझ्या घरमालकीणबाईंना मी आमच्या घरचा फोटो दाखवला आणि प्रत्येकाचे नाते सांगू लागलो तेव्हा त्या दमल्या. मग आतून एक जुना कोश घेऊन आल्या आणि त्यांनी मला दाखवले की त्यांच्या भाषेतही एकेकाळी मामाला ओहाइम, आत्याला बाझे, मावशीला मूमे असे स्वतंत्र शब्द होते. ते हळूहळू विरून गेले. इरावतीबाईंनी 1953 साली भारतातील आप्तसंबंधांवर जो मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला त्याची सगळी उभारणी अशाच शब्दांवर आहे. कोणत्या प्रांतात मामाला काय म्हणतात, सासऱ्याला आणि मामाला एकच शब्द कुठे आहे, त्यावरून लग्ने कुणाशी होतात, असे त्यांनी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत जमवले. आपल्या घरातले शब्द किती अमोल आहेत हे परक्या मुलुखात, जिथे ते बोलून दाखवता येत नाहीत, तिथेच पहिल्यांदा ध्यानात येते, असे मला माझ्यापुरते वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. संस्था 1927 साली उघडलेली, नवीकोरी. तिचे संचालक ओयगेन फिशर. 1908 साली ते आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, रेहोबोथ येथे जाऊन मिश्र वंशाच्या लोकांची मापे घेऊन आले होते आणि त्यावर लिहिलेल्या ग्रंथाने त्यांची कीर्ती झाली होती. गोऱ्या आणि इतर वंशांची सरमिसळ घातक असते असे त्यांचे मत. त्यांच्या शास्त्रात संस्था, पदे, मान सगळे त्यांच्या हाती. अशा गुरूने इरावतीबाईंना प्रबंधाला विषय दिला तो मानवी कवटीच्या विषमतेचा. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू नेमक्या सारख्या नसतात. फिशर यांचा तर्क असा होता की युरोपियनांच्या कवटीत उजवा पुढचा भाग मोठा असतो, तिथे मेंदूला अधिक जागा मिळते, आणि त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे हे लक्षण आहे. विद्यार्थिनीने कवट्या मोजायच्या आणि हे दाखवून द्यायचे.

इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. काही युरोपियनांच्या, काही युरोपाबाहेरच्या लोकांच्या. अशा संग्रहांतल्या पुष्कळ कवट्या वसाहतींतून, कुणालाही न विचारता उचलून आणलेल्या असत. कॅलिपर लावायचा, आकडा टिपायचा, दुसऱ्या बाजूला लावायचा, पुन्हा टिपायचा. कैक महिने हेच. शेवटी बेरजा झाल्या. विषमता सगळ्यांच्याच कवट्यांत होती. वंशाशी तिचा संबंध लागत नव्हता.

इथे मी क्षणभर थांबतो, कारण या ठिकाणी मला माझी स्वतःची एक गोष्ट आठवते आणि ती सांगायला मला अजून संकोच वाटतो. दुसऱ्या वर्षी एका चर्चावर्गात अध्यापकांनी मला भारतातल्या जातींविषयी विचारले. विचारले म्हणजे उत्तर त्यांनीच आधी सांगून टाकले आणि मी होकार द्यावा एवढीच अपेक्षा होती. ते सांगत होते तसे आमच्या गल्लीत नव्हते. मला ते ठाऊक होते. पण त्याचे खंडन करायचे तर पोटवाक्ये लागणार, त्यात क्रियापद शेवटी न्यायचे, बाराजण माझ्याकडे पाहणार, आणि पुढच्या महिन्यात याच गृहस्थांची सही मला माझ्या कागदावर हवी. मी मान हलवली. ते प्रसन्न झाले आणि पुढे गेले. माझ्या त्या होकाराचा कुणाला उपद्रव झाला नसेल, पण आजही रात्री कधी झोप लागत नसली की ती खोली डोळ्यांपुढे येते.

जर्मन वाक्याची एक खोड आहे. साध्या वाक्यात नकार पुष्कळदा अगदी शेवटी येतो. ऐकणारा पूर्ण वाक्यभर होकार समजून बसलेला असतो आणि शेवटच्या शब्दाला सगळे उलटते. मराठीतही आपला नाही तसाच मागून येतो. त्या दृष्टीने मराठी माणसाला जर्मनमध्ये नाही म्हणणे व्याकरणदृष्ट्या तरी अवघड जाऊ नये. इरावतीबाईंनी तो नकार लिहून काढला. गुरूच्या भाषेत, गुरूच्या संस्थेत, कर्जाने आलेल्या असताना, पदवी त्यांच्याच हातात असताना. मानवी कवटीची स्वाभाविक विषमता या अर्थाच्या शीर्षकाचा तो प्रबंध जर्मनमध्ये लिहिला गेला आणि 1931 साली छापून निघाला. पदवी 1930 साली मिळाली. त्यांची नात उर्मिला देशपांडे आणि तियागो पिंटो बार्बोसा यांनी 2024 साली त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. निष्कर्ष फिशर यांना रुचला नाही आणि त्यांनी सर्वांत खालची श्रेणी दिली, असे त्यात आहे. कमी तर कमी. पदवी ती पदवीच.

बाहेर बर्लिन तेव्हा धुमसत होते. 1929 च्या मे महिन्यात कामगारांच्या मोर्च्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तीसच्या आसपास माणसे मेली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतला शेअरबाजार कोसळला आणि जर्मनीत बेकारांच्या रांगा लांबू लागल्या. 1930 च्या सप्टेंबरात निवडणूक झाली त्यात हिटलरच्या पक्षाच्या जागा 12 वरून एकदम 107 झाल्या. 1933 साली ओयगेन फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्यामागून 1942 साली फॉन फेर्श्यूअर संस्थेचे संचालक झाले. आउश्वित्सचा तो कुप्रसिद्ध डॉक्टर मेंगेले हा त्यांचाच शिष्य, आणि छळछावणीतून मृतांचे अवयव याच पत्त्यावर येत. इमारतीच्या भिंतीवर हे सांगणारी पाटी 1988 साली लागली. मी 1984 च्या उन्हाळ्यात परतलो होतो. पायऱ्यांवर बसून मी कितीदा तरी पावाचे डबे उघडले असतील.

इरावतीबाई परतल्यावर 1931 ते 1936 मुंबईस ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कारभारात होत्या. म्हणजे सासऱ्यांच्याच संस्थेत. कारभारात त्यांचा जीव रमला असे दिसत नाही. 1939 साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. घरी त्या इरू आणि नवरा दिनू. मुलेही आईबापांना अशीच नावाने हाक मारीत, याचा तेव्हाच्या पुण्यास केवढा अचंबा वाटला असेल! जाई, आनंद आणि गौरी ही तिन्ही मुले पुढे आपापल्या क्षेत्रांत नावारूपाला आली.

एक गोष्ट मला लपवायची नाही. कॅलिपर त्यांनी टाकून दिला नाही. बर्लिनला शिकलेले मोजमाप त्या महाराष्ट्रभर घेऊन हिंडल्या. खेड्यापाड्यांत, आदिवासी पाड्यांवर, निरनिराळ्या जातींच्या माणसांची उंची, डोकी, नाके मोजली, पुढे रक्तगटही तपासले. आजच्या अभ्यासकांना हे खटकते, आणि त्यांचे खटकणे मला समजते. वंशाच्या श्रेष्ठतेला नकार देणाऱ्या बाईंनी वंश मोजण्याचे साधन मात्र जवळ ठेवले. पण त्याच मापांवरून आणि कुळांच्या, नात्यांच्या माहितीवरून त्यांनी असेही मांडले की एकाच धंद्याच्या, एकाच नावाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाती मुळात एक नव्हेत. एक मोठी जात फुटून पोटजाती झाल्या हे खरे नसून निरनिराळी कुळे शेजारी येऊन बसली आहेत. 1961 सालच्या हिंदू समाजावरील त्यांच्या पुस्तकाचे सूत्र हेच. साधन बर्लिनचे, प्रश्न इथले.

बडोदे संस्थानाशीही या साधनाचा संबंध आला. महेसाणा प्रांतातल्या लांघणज गावी डॉ. हसमुख सांकळिया यांनी उत्खनन केले आणि 1944 साली तिथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे निघाले. ते गाव तेव्हा श्रीमंत गायकवाड सरकारच्या अमलातले. ती हाडे अभ्यासायला इरावतीबाई होत्या. सांकळियांबरोबर त्यांनी लिहिलेला त्याविषयीचा लेख 1949 साली अमेरिकेतल्या मानववंशशास्त्राच्या नियतकालिकात आला. बर्लिनच्या काचेच्या कपाटातली अनाम कवटी आणि लांघणजच्या वाळूतली कवटी, दोन्ही त्याच हातांनी धरल्या. लांघणजची माणसे कुणाच्या घरातून चोरून आणलेली नव्हती, हा फरक त्यांना कळला असणार.

बाकीचे वाचकांना ठाऊकच आहे. पंढरीच्या वारीला त्या पायी गेल्या आणि त्यावर त्यांनी लिहिले. कोयनेच्या धरणाने उठलेल्या लोकांची पाहणी केली. ती 1969 साली छापली गेली. 'युगान्त' 1967 साली आले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 11 ऑगस्ट 1970 रोजी त्या पुण्यास वारल्या. वय चौसष्ट. 'गंगाजल' त्यांच्यामागून निघाले. आमच्या आईने ते मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून आणले होते आणि वेळेवर परत न केल्याबद्दल दंड भरला होता, हेही मला आठवते.

ईनेश्ट्रासेवरच्या त्या इमारतीजवळ 2014 साली विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे काम चालू असताना जमिनीत माणसांची हाडे सापडली. पुढच्या वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी आणखी खणले तेव्हा हजारो तुकडे निघाले. पुरुषांचे, बायकांचे, मुलांचेही. काही वसाहतींतून आलेल्या संग्रहातले असावेत, काही हिटलरशाहीच्या काळातले. ज्यू, रोमा आणि आफ्रिकी समाजाच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय झाला. कोणते हाड कुठल्या वंशाचे हे शोधून काढण्यासाठी पुन्हा मापे घ्यायची नाहीत असे सर्वांनी मिळून ठरवले. 2023 च्या मार्चमध्ये दाहलेमच्या रानातल्या स्मशानभूमीत ती सगळी एकत्र पुरली.